झेलिंदाच्या चादरीवरचा ट्रॅक्टर

विंदिचे मालागोली या माणसाच्या नावाचा अर्थ 'सूड घेणारा' असा होतो. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने घेतलेला सगळ्यात मोठा सूड म्हणजे, पोस्टमनचा कुत्रा चावला तेव्हा त्याने पोस्टमनच्या सायकलचं पंक्चर काढायला दोन दिवस लावले होते. तेसुद्धा नंतर त्याला लागून राहिलं, आणि त्याने घंटी फुकट बसवून दिली.

नाव बापाने ठेवलं होतं, सन एकोणीसशे अठ्ठावीसमध्ये. नोंदणी कचेरीतला कारकून फॅसिस्टांचा काळा शर्ट घालणारा होता. हे मूल मोठं होऊन राष्ट्राच्या वतीने कुणाचा तरी सूड घेणार असं त्याला वाटलं आणि त्याने खूश होऊन ते नाव जाड अक्षरात लिहिलं. बापाच्या मनात राष्ट्र नव्हतं. समोरच्या कारखान्याचं फाटक होतं.

फाटकावर तेव्हाही 'स्कारावेल्ली' असं लिहिलेलं होतं आणि आजही तेच आहे. कास्तेलदोसो गावात दोनच गोष्टी होतात, धुकं आणि ट्रॅक्टर. धुक्याचं श्रेय कुणी घेत नाही.

झालं होतं ते असं. स्कारावेल्ली मुळात मळणीयंत्रं करायचे, आणि विंदिचेचा बाप ओरेस्ते त्यांच्याकडे ओतकामासाठी लाकडी साचे बनवणारा मिस्त्री होता. सत्तावीसच्या एका रविवारी म्हातारे मालक, 'कावालिएरे' हा सरकारी किताब लावणारे आन्सेल्मो स्कारावेल्ली, त्याच्याकडे जेवायला आले. मालक घरी येणार म्हणून ओरेस्तेच्या बायकोने, झेलिंदाने, पेटीतून लग्नातली चादर काढली. मेजावर अंथरायची, पांढरी, स्वतः भरलेली. सोबत जेवणाचे बारा रुमाल. चादरीच्या कोपऱ्यात तुतीचं पान आणि माहेरच्या नावाची दोन अक्षरं: झेलिंदा बोन्विचिनी. मुलगी सहा वर्षं डोळे फोडून हे भरते तेव्हा तिचं लग्न होतं. नवरा नंतर बदलता येत नाही, त्यामुळे सगळा जीव चादरीवर.

झेलिंदा ससा परतायला आत गेली आणि ओरेस्तेने कानावरची पेन्सिल काढली. एकाच सिलिंडरचं, डोकं तापवून सुरू होणारं, शेतात चालणारं इंजिन कसं असेल ते त्याने तिथेच, चादरीवर, मालकांना काढून दाखवलं. मालक बघत राहिले. बघता बघता त्यांनी लांब्रुस्कोचा, म्हणजे तिथल्या लाल वाइनचा, ग्लास चादरीच्या मधोमध ठेवला. बशी न घेता. मग ते उठले, चादर उष्ट्या तुकड्यांसकट गुंडाळली आणि ससा घेऊन बाहेर आलेल्या झेलिंदाला म्हणाले, "उद्या आणून देतो, सिन्योरा."

पेटंट मिलानला निघालं, कावालिएरेंच्या नावाने. "माझं काय?" असं ओरेस्तेने विचारलं, त्याच आठवड्यात साचे करायला दुसरा मिस्त्री मिळाला. ओरेस्तेने फाटकासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं, पुढच्या वर्षी मुलाचं नाव ठेवलं आणि त्याचा राग तेवढ्यावर संपला. पुढे दुकानासमोरून ट्रॅक्टर गेला की तो कान देऊन आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "छान चाललाय."

झेलिंदाचा राग संपला नाही. तिने दुसरी चादर आयुष्यात विकत घेतली नाही. सत्तेचाळीस वर्षं दर रविवारी ती उघड्या लाकडी मेजावर बारा इस्त्रीचे रुमाल मांडायची. जेवायला माणसं तीन, ओरेस्ते गेल्यावर दोन. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने विंदिचेला जवळ बोलावलं.

"यंत्र तुझ्या बापाचं होतं. ते त्याचं तो बघेल, आता मी जातेच आहे तर त्याला विचारते. चादर माझी होती. ती आण."

"आणतो, आई."

"आणि आणलीस की आधी धू. त्या माणसाने वर ग्लास ठेवला होता."

याला बारा वर्षं झाली. चादर कारखान्याच्या संग्रहालयात, काचेखाली, सोनेरी चौकटीत होती. चौकट लहान पडली म्हणून कडा आत दुमडल्या होत्या. फाटकासमोर बसून विंदिचे सायकली दुरुस्त करत होता आणि वाट बघत होता. कशाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण वाट बघण्याच्या कामात धुक्याच्या मुलखातल्या माणसाचा हात धरणारा कुणी नाही.

नोव्हेंबर शहाऐंशीत कावालिएरेंचा नातू स्वतः दुकानात आला. इंजिनियर जानफिलिप्पो स्कारावेल्ली, वय पंचेचाळीस, अंगात उंटाच्या लोकरीचा कोट. सायकल बरोबर नव्हती.

"विंदिचे, येत्या वर्षी आपल्या पहिल्या ट्रॅक्टरला साठ वर्षं होतात. जानेवारीत, गुराढोरांच्या संत आंतोनियोच्या दिवशी, चौकात बिशप येणार, सगळ्या ट्रॅक्टरांना आशीर्वाद देणार. सगळ्यात पुढे आजोबांचा पहिला ट्रॅक्टर, चालू स्थितीत. मी स्वतः चालवणार."

"छान."

"तो सुरू कसा करायचा हे आता कुणालाच येत नाही. आमच्याकडे चाळीस इंजिनियर आहेत."

"तुमच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या इवोला येतं की."

"इवो मार्चमध्ये वारला."

"असं होय. तरीच सायकल न्यायला आला नाही."

इंजिनियरसाहेबांनी बसायला जागा शोधली. ती नव्हती. "जुनी इंजिनं हाताळलेले तुम्ही एकटेच उरलात. काय घ्याल ते सांगा."

"काही नको. दुपारच्या जेवणाला मुख्य मेजावर एक खुर्ची द्या."

"एवढंच?"

"एवढंच." विंदिचेने ट्यूब पाण्याच्या टोपात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघू लागला. "गेल्या गुरुवारी तुमचं संग्रहालय बघून आलो. ती चादर. काचेत कशी दिसते, शवपेटीतल्या मावशीसारखी. आणि बाहेर ट्रॅक्टर जिवंत धडधडणार. मला आपलं वाटलं, ज्या चादरीवर ट्रॅक्टर जन्माला आला तिच्यावरच बिशपने सूप प्यायलं असतं, तर फोटो काय आला असता. पण जाऊ द्या, मी सायकलवाला."

इंजिनियरसाहेब कोटाची बटणं लावत निघाले. दोन दिवसांनी गावभर झालं की साहेबांना एक विलक्षण कल्पना सुचली आहे: आजीच्या लग्नातली ती ऐतिहासिक चादर काचेबाहेर काढून मुख्य मेजावर अंथरणार. कल्पना सुचण्याची त्या घराण्याची पद्धत पहिल्यापासून हीच होती.

याच सुमारास कंपनीचा इतिहासही छापून आला. बोलोन्याहून आणलेल्या एका प्राध्यापकाने तो लिहिला होता, गुळगुळीत कागद, वजन दोन किलो. सतराव्या पानावर चादरीचा रंगीत फोटो. खाली लिहिलं होतं की, पत्नीसह भोजन करत असताना कावालिएरेंना साक्षात्कार झाला. मध्यभागी दिसणारं जांभळट वर्तुळ म्हणजे त्यांनी कंपासाशिवाय एका फटक्यात काढलेलं इंजिनाचं जड चाक, पहिलं फ्लायव्हील, आणि त्याची गोलाई आजही थक्क करते. विंदिचेने ते पान तीनदा वाचलं. नंतर तो इतका वेळ हसला की चर्चच्या घंटेवाल्याने आत डोकावून विचारलं, "बरा आहेस ना?"

मग त्याने बारा रुमाल कागदात गुंडाळले आणि आर्जियामावशीकडे गेला.

आर्जिया फेर्रारोनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि गावजेवणाचा स्वयंपाक चाळीस वर्षं तिच्या ताब्यात होता. कास्तेलदोसोत महापौर निवडणुकीने बदलायचे. आर्जिया बदलत नसे. मठातल्या शाळेत ती आणि झेलिंदा एकाच बाकावर भरतकाम शिकल्या होत्या. तिने वरचा रुमाल उलगडला, खिडकीशी नेला आणि कोपऱ्यातल्या पानावरून अंगठा फिरवला.

"तिसरी शीर वाकडी," ती म्हणाली. "पहिलंच पान भरलं तेव्हा वाकडी गेली. सिस्टरने बोटांवर पट्टी मारली, उसव म्हणाली. तुझ्या आईने उसवलं नाही. वर हट्टाने बाकीची बाराही पानं तशीच वाकडी भरली. तेरा पानं, तेरा वाकड्या शिरा. काय बाई होती."

"मावशी, हे तुला माहीत होतं, तर साठ वर्षं बोलली का नाहीस?"

"काचेत कोपरा दिसत होता का? आणि संग्रहालय उघडं गुरुवारी. गुरुवारी बाजार असतो, कोण जाणार तिथे मरायला?" तिने रुमाल पुन्हा घडी घातला. "शिवाय माझा नवरा त्यांच्या भट्टीवर होता. तो गेला, आणि त्याचं पेन्शन मागच्या महिन्यात माझ्या नावावर झालं. आता मला कंठ फुटलाय. मुख्य मेजावर किती जण?"

"बारा."

"हिशेबी माणूस आहेस," आर्जिया म्हणाली. "बापावर नाही गेलास."

संत आंतोनियोच्या सकाळी धुकं होतं, म्हणजे हवा नेहमीचीच होती. चौकात दोनशे ट्रॅक्टर, चौदा गाई, एक गाढव आणि बिशप. पहिला ट्रॅक्टर पुढे उभा होता, तेल पाजून चकचकीत केलेला. गावात लांब्रुस्कोच्या बाटल्यांच्या पैजा लागल्या होत्या, आणि त्याला कारण होतं. हे जुनं इंजिन कोणत्याही बाजूला फिरू शकतं. सुरू करणाऱ्याच्या मनात आलं आणि त्याने चाकाला उलटा झटका दिला, तर ते उलटं फिरायला लागतं. मग चालवणारा पुढचा गिअर टाकतो आणि ट्रॅक्टर ऐटीत मागे जातो. मागे बरोबर बिशप उभे होते. ओरेस्तेचा मुलगा ही संधी सोडणार नाही, यावर लोक एका बाटलीला सहा लावत होते.

विंदिचेने ब्लोलॅम्प पेटवला आणि इंजिनाचं डोकं पंचवीस मिनिटं तापवलं. ते लाल झालं तसं त्याने स्टिअरिंग उपसून काढलं, इंजिनाच्या बाजूच्या जड चाकात खोचलं आणि झुलवायला लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. मग एक झटका.

दप्. दप्. दप्.

विंदिचेने स्टिअरिंग परत जागेवर बसवलं, इंजिनियरसाहेब चढले, गिअर टाकला आणि ट्रॅक्टर पुढे गेला. सरळ, शहाण्यासारखा. बिशपांनी पाणी शिंपडलं. गावाने एक लांब, निराश उसासा टाकला.

"काय रे हे?" घंटेवाला विंदिचेच्या कानाशी लागला. "माझ्या सहा बाटल्या गेल्या. आयुष्यात एकदा नाव सार्थ करायचं होतंस."

"ट्रॅक्टरबद्दल आईने मला काही सांगितलं नव्हतं," विंदिचे हात पुसत म्हणाला.

जेवण कारखान्याच्या जुन्या मळणीयंत्रांच्या शेडमध्ये होतं. तीनशे पानं. मुख्य मेजावर ती चादर, साठ वर्षांनी पहिल्यांदा चारही कोपरे मोकळे. प्रत्येक ताटलीशेजारी इस्त्रीचा पांढरा रुमाल. फोटोवाल्याने फोटो काढले. पुरुष मंडळी एकेक करून आली, पेन्सिलच्या रेघांवर वाकली आणि सिलिंडर केवढा, झडप कुठे, यावर माना डोलावून गेली. कोपऱ्याकडे एकानेही पाहिलं नाही. इंजिनियरांच्या तीन पिढ्यांनी ती चादर डोळ्यांत तेल घालून तपासली होती, आणि चादर हे कापड आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बायकांनी मात्र दारातूनच पाहिलं. साठीच्या पुढची प्रत्येक बाई आधी कोपऱ्याशी गेली, मग रुमालाकडे पाहिलं, मग शेजारणीकडे. बोललं कुणीच नाही. इंजिनियरसाहेबांना वाटलं, या भारावल्या आहेत.

ते ग्लास घेऊन उठले. "साठ वर्षांपूर्वी माझ्या आजोबांनी, माझी आजी ओत्ताविया हिच्या लग्नातल्या या चादरीवर, तिच्याच हाताने भरलेल्या..."

त्याच वेळी आर्जिया सूपचं मोठं भांडं घेऊन आली होती. मागे अकरा बायका, अकरा भांडी. आत रश्शात कापेल्लेत्ती: बोटाच्या पेराएवढ्या कणकेच्या टोप्या, पोटात मांस आणि चीज. तीन दिवस चोवीस हात त्याच वळत होते. आर्जिया मेजापाशी थांबली.

"ओत्तावियाबाईंनी भरली?"

"हो, आर्जिया. स्वतः."

"मग कोपऱ्यात झे आणि बो कशाला?"

इंजिनियरसाहेबांनी कोपरा बघितला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. "असेल... शिवणाऱ्या बाईची खूण असेल."

शेडमधल्या बायकांनी चमचे खाली ठेवले. ज्या गावात आईने लेकीच्या चादरीला हात लावला तरी बोलणी बसत, तिथे परक्या बाईने नवरीच्या लग्नाच्या कापडावर स्वतःचं नाव भरलं, असं हा माणूस बिशपांसमोर म्हणत होता. आर्जियाने भांडं खाली ठेवलं. मागची अकराही भांडी खाली आली.

"चादर कुणाची ते सांगा," आर्जिया म्हणाली, "मग वाढते."

"आर्जिया, हे आपण नंतर..."

"नंतर कापेल्लेत्ती फुगतील."

हे सगळ्यांना पटलं. कापेल्लेत्ती रश्शात पडली की तिला थांबायला वेळ नसतो. पाच मिनिटं गेली की तिचा लगदा, आणि लगदा खाऊ घालणारं घर पुढच्या दोन पिढ्या त्याच नावाने ओळखलं जातं. तीनशे माणसं भांड्यांकडे बघत होती. विंदिचे टोकाच्या खुर्चीवर रुमाल मांडीवर पसरून बसला होता आणि पानाच्या तिसऱ्या शिरेवरून बोट फिरवत होता.

एक मिनिट गेलं. बिशप पाद्रीपणाच्या आधी खवय्यांच्या पार्मा शहराचे होते. ते पुढे झुकले.

"इंजिनियर," ते हळू म्हणाले, "सत्य थांबतं. आम्ही चर्चमध्ये त्याला शतकानुशतकं थांबवून ठेवलंय. सूप थांबत नाही."

इंजिनियरसाहेबांनी स्वतःच्या रुमालाने कपाळ पुसलं. पुसता पुसता त्यांना पान दिसलं. मग बिशपांच्या रुमालावरचं, मग बाकीच्यांच्या, मग चादरीवरचं, सगळीकडे तीच वाकडी शीर. माणूस अखेर इंजिनियर होता. तेरा नगांत एकच दोष आला म्हणजे कारागीर एकच, एवढं त्यांना कळत होतं. आणि आजी ओत्तावियाला सुईत दोरा ओवायलासुद्धा मोलकरीण लागायची, हे तर घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"ही चादर माझ्या आजीची नाही," ते म्हणाले.

"कुणाची?"

"मला नाव माहीत नाही."

"मी सांगते, तुम्ही म्हणा. झेलिंदा बोन्विचिनी."

"झेलिंदा बोन्विचिनी."

"घर कुणाचं होतं? ओरेस्ते मालागोलीचं."

"ओरेस्ते मालागोलीचं."

"पेन्सिल कुणाच्या कानावर होती?"

इंजिनियरसाहेबांनी भांड्याकडे पाहिलं. वरची कापेल्लेत्ती फुगायला लागली होती.

"ओरेस्ते मालागोलीच्या," ते म्हणाले. "रेखाटन त्याचं आहे."

आर्जियाने पळी उचलली. पहिलं सूप तिने विंदिचेला वाढलं. बिशपांना दुसरं.

जेवण उत्तम झालं, असं सगळे म्हणतात. विंदिचेने तीनदा घेतलं. कॉफीनंतर तो उठला, समोरच्या ताटल्या बाजूला केल्या, बिशपांना "जरा हात उचला" म्हणाला, आणि चादर उष्ट्या तुकड्यांसकट गुंडाळली. बाराही रुमाल गोळा केले. इंजिनियरसाहेब अर्धवट उठले.

"विंदिचे, थांबा. ती कंपनीचा वारसा आहे. तुमच्या वडिलांचं नाव चौकटीखाली लावतो आपण. पितळी पट्टीवर."

विंदिचेने बोचकं काखेत मारलं. "उद्या आणून देतो, इंजिनियरसाहेब."

दुसऱ्या दिवशी इंजिनियरसाहेबांनी अकरापर्यंत वाट पाहिली आणि मग रस्ता ओलांडला. दुकानामागच्या अंगणात दोरी बांधलेली होती. दोरीवर बारा रुमाल आणि एक चादर, सगळं थंडीने पापडासारखं कडक झालेलं, पांढरंफेक. बाजूला लाकडी टब, चाळलेली राख, उकळत्या पाण्याची वाफ. आर्जिया स्टुलावर बसून हात शेकत होती.

इंजिनियरसाहेब चादरीजवळ गेले. सिलिंडर नव्हता. झडप नव्हती. एक रेघ नव्हती.

"तुम्ही धुतलीत," ते म्हणाले.

"आईने सांगितलं होतं."

"तो इतिहास होता, विंदिचे. तुमच्याच बापाचा होता. जगात एकच पुरावा होता तो."

"बापाचं नाव काल तीनशे जणांनी ऐकलं. तेही तुमच्या तोंडून. एकदा लिहिलेलं तुम्ही बदलता, साहेब. ऐकलेलं या गावात कुणी विसरत नाही."

इंजिनियरसाहेबांना तेवढ्यात चादरीच्या मधोमध काहीतरी दिसलं. फिकट, जांभळट, थक्क करणारं गोल. त्यांचा आवाज एकदम बदलला. "हे आहे. फ्लायव्हील आहे. हे राहिलंय."

"राख दोनदा बदलली," आर्जिया स्टुलावरून म्हणाली. "हटत नाही मेलं. लांब्रुस्को साठ वर्षं मुरली की नाही जायची."

"लांब्रुस्को?"

"तुमच्या आजोबांचा ग्लास," विंदिचे म्हणाला. "तेवढं मात्र सगळं त्यांचंच काम आहे."

संग्रहालयातली चौकट अजून तिथेच आहे. आत सतराव्या पानाचा फोटो लावलाय, फ्लायव्हीलसकट. गुरुवारी उघडं असतं.

पुढच्या रविवारी विंदिचेने मेजावर चादर अंथरली, बारा रुमाल मांडले आणि आर्जियामावशीला जेवायला बोलावलं. माणसं दोन. सूपचं भांडं त्याने बरोबर त्या वर्तुळावर ठेवलं. खाली बशी घेऊन.